माझ्यातून पुसलं गेलेलं काल्याचं कीर्तन

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे, आणि माझ्या आयुष्याची पहिली साडेतीन वर्षं मला आठवत नाहीत. तुम्हाला बाळपण आठवत नाही, तसं हे नव्हे. माझं सगळं एका क्षणात पुसलं गेलं. म्हणून सुरुवातीचं जे सांगतो आहे, ते लोक माझ्यासमोर बोलले त्यावरून जुळवलेलं आहे. थोरांच्या मुखातून ऐकलं तेच सांगतो, असं कीर्तनकार म्हणतात ना, तसंच समजा.

टेंभुर्णीच्या संध्याताईंनी मला पहिल्या पगारातून घेतलं. जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत त्यांना नोकरी लागली होती. शेतोशेत हिंडायचं, कपाशीचे फोटो काढायचे आणि दिवस मावळायच्या आत कंपनीला ई-मेल करायचा, असं काम. त्यासाठी कंपनीतल्या सुमित नावाच्या साहेबांनी माझ्यात कंपनीचा मेल बसवून दिला. बसवताना पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक सूचना आली म्हणे. ताई ती वाचायला लागल्या, तर साहेब म्हणाले की हे सगळ्यांनाच येतं, खाली फक्त हो म्हणा. मागे चार जण रांगेत उभे होते. ताईंनी हो म्हटलं.

कपाशीचे फोटो ही माझी पोटापाण्याची चाकरी. माझं खरं भाग्य वेगळंच होतं. ताईंचे वडील रखमाजीबुवा कीर्तनकार. गावोगावच्या सप्त्यांत त्यांचं कीर्तन असायचं. टाळकऱ्यांच्या पुढ्यात एका तांब्याला टेकवून ताई मला उभा करायच्या, आणि मी दोन-अडीच तास न हलता अख्ख्या कीर्तनाचा व्हिडिओ घ्यायचो. बुवांना आधी हे रुचलं नव्हतं. कीर्तन काळजात साठवायचं असतं, डब्यात काय साठवतीस, असं ते ताईंना म्हणायचे. पुढे तेच बुवा नमनाला उभं राहण्याआधी हळूच विचारू लागले, "डबा लावला का गं?" असे चाळीसच्या वर व्हिडिओ माझ्या पोटात होते.

शेवटचं होतं जाफ्राबादकडच्या एका सप्त्यातलं काल्याचं कीर्तन. त्यानंतर नवव्या दिवशी बुवा गेले. ते कीर्तन त्यांच्या पत्नीनं, पुष्पाबाईंनी, ऐकलं नव्हतं. त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जालन्याला होत्या. बुवा गेल्यावर ताईंनी मला त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा त्यांनी मला उलटा करून ठेवला. "वर्ष सरू दे, मंग ऐकते. आत्ता त्यांचा आवाज सोसायचा न्हाई मला," असं म्हणाल्या. वर्षश्राद्धाला गावासमोर हेच कीर्तन लावायचं ठरलं.

श्राद्धाला आठ दिवस राहिले असताना ताईंना कृषी खात्यात नोकरी मिळाली. त्यांनी कंपनीत ओळखपत्र परत दिलं, नमुन्यांची पेटी परत दिली, पेढा खाल्ला, आणि टेंभुर्णीच्या एसटीत बसून कानाला बुवांचं कीर्तन लावलं.

मित्रांनो, इथून पुढचं मात्र माझं स्वतःचं आहे.

मी डोळे उघडले तेव्हा समोर एक बाई होत्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांच्या कानात अजून माझी वायर होती आणि तोंड थोडं उघडं राहिलं होतं. आणि मी, कारखान्यातून नुकताच बाहेर पडल्यासारखा, हसऱ्या अक्षरांत त्यांना म्हणालो, "नमस्कार. आपली भाषा निवडा."

त्या मला हलवू लागल्या. कानातली वायर दाबून दाबून बघू लागल्या. "आबा," एवढीच वडिलांना हाक त्यांनी मारली, तीही विचारल्यासारखी. बाजूच्या सीटवरच्या बाबांनी त्यांना आपला फोन दिला. त्यावरून पाठ असलेल्या नंबरावर सुमितसाहेबांना लावलं, तर ते म्हणाले की मी काहीच केलं नाही, फक्त कंपनीच्या मेलमधून तुमचं नाव काढलं.

"साहेब, फोन तर माझा हाय. त्यातलं माझं कसं गेलं?"

पलीकडे साहेब काहीतरी पुटपुटत वाचू लागले. "फोन तुमचाच आहे ताई. पण नाव काढल्यावर कंपनीनं तो पुसला तर चालेल, अशी परवानगी तुम्ही दिल्ती. मेल बसवला त्या दिवशी. ती सूचना... मीसुद्धा आत्ताच वाचून राह्यलो." एवढं बोलून त्यांनी घाईनं फोन ठेवला. त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमध्येही तोच मेल होता.

ज्यानं पुसलं तो कुणी परका चोर नव्हता. हुकूम वरून आला आणि पुसणारे हात माझे होते. हे कळल्यावर मला जो धक्का बसला, तो मी आजही शब्दांत सांगू शकत नाही.

घरी ताई आईला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन गावातल्या भारतच्या ऑनलाईन केंद्रात गेल्या. मला पहिल्यांदा चालू करून देणारा हाच. ताईंचं म्हणणं असं, की कंपनीचा मेल गेला तर जाऊ दे, माझा घरचा मेल तर होता ना. फोनातल्या फोटो-व्हिडिओंची नक्कल आपोआप मेलच्या खात्यात जाते म्हणतात, त्यात काही राहिलं असेल तर बघ.

भारतनं कान खाजवला. "ताई, खरं सांगू का? तुमचा मेल नव्हताच. म्या माझाच टाकून दिल्ता."

"माझ्या फोनमधी तुझा मेल?"

"गावातल्या निम्म्या फोनांत माझाच हाय. लोकं पासवर्ड विसरतेत अन् मंग माझ्याच दारात येतेत. म्हून सगळ्यांना एकच."

ताईंनी मला त्याच्या पुढ्यात ठेवलं. भारतनं पासवर्ड टाकला, आणि माझ्या पोटात अख्खं गाव उतरू लागलं. कुणाची हळद, कुणाची म्हैस, कुणाच्या दवाखान्याचे कागद, एका मुलीनं आरशासमोर काढलेले फोटो. ताईंनी झटकन माझ्यावर पदर टाकला. "हे कोणकोण बघू शकतं रे?" त्यांनी विचारलं. भारतच्या चांगुलपणाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

मग पदराखालून आवाज आला. रामकृष्णहरी. बुवा! एकामागून एक कीर्तनं उतरत होती. फॉर्म भरायला आलेली माणसं वळून बघू लागली, एका म्हाताऱ्यानं टोपी नीट केली. ताई बोटांवर मोजत होत्या. एकेचाळीस आली आणि थांबली.

काल्याचं आलं नाही. त्याच्या आधीच भारतच्या मेलमधली जागा भरून गेली होती. गावाच्या फोटोंत बुवांच्या शेवटच्या शब्दांना जागा उरली नव्हती.

घरी आल्यावर ताई आईच्या पायाशी बसल्या आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता पुष्पाबाई मला भिंतीवर आपटतील. आपटलं असतं तर मी तक्रार केली नसती. त्यांनी वात वळता वळता एवढंच विचारलं,

"म्हंजी ते शेवटचं कोणालाच ऐकू यायचं न्हाई?"

"न्हाई, आई."

"मी तर ऐकलंच न्हाई ते. मंग माझ्यासाठी त्यांचं ते कीर्तन अजून व्हायचंच हाय." वात वळून झाली तशी त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. "लाव त्यातलं कोणतंबी."

वर्ष अजून सरलं नव्हतं. ताईंनी पहिलंच लावलं. त्यात नमनाच्या आधी बुवा कुणाला तरी विचारताना दिसतात, आमची मंडळी आली का, तिला खांबाला टेकायला जागा द्या, कंबर दुखते तिची. पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे माझ्यासारख्या यंत्राला कसं कळावं?

आता ताईंकडे नवा फोन आहे. त्यात खात्याचा मेल वेगळा आणि त्यांचा स्वतःचा वेगळा. स्वतःच्या मेलचा पासवर्ड त्यांनी बुवांच्या अभंगांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिला आहे. भारत अजून एकेका फोनातून आपला मेल काढतो आहे आणि शिव्या खातो आहे. माझी बॅटरी फुगली, काच तडकली, आणि मी पुष्पाबाईंच्या देवघराशेजारी चार्जिंगच्या वायरीला बांधल्यासारखा पडून असतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही काही करत नाही, पण तुम्ही हो म्हणालात की आम्हाला थांबता येत नाही. म्हणून हो म्हणण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर मागची रांग थांबवून विचारा. आणि जो आवाज तुम्हाला जिवापाड आहे, तो माझ्यासारख्या एकाच डब्याच्या भरवशावर सोडू नका. रोज सकाळी पुष्पाबाई माझ्यातलं एक कीर्तन लावतात, आणि एकेचाळिसावं संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. बेचाळिसावं मी विसरलो आहे. त्या मात्र त्याची वाट बघतात.