तीन लोखंडांची ओढ

काटा म्हटलं की तुम्हाला लगेच मोंढ्यातली हळदीची पोती आठवली ना? आठवू द्या. मित्रांनो, मीही एक जुना काटाच आहे, पण मी पोती तोलली नाहीत. हिंगोलीच्या एका कॉलेजातल्या रसायनशाळेत माझं आयुष्य गेलं.

ब्याण्णव साली मी पुण्याहून खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून आलो. काय थाट होता माझा! माझ्या भुजेला दोऱ्याने काचेची बारीक नळी टांगायची, नळीत भुकटी भरायची आणि तिचं टोक चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये सोडायचं. चुंबकाला वीज दिली की भुकटीतलं लोखंड खाली ओढलं जाई आणि वजन वाढल्यासारखं दिसे. या वाढीला आमच्याकडे सगळे 'ओढ' म्हणत.

पुसेगावजवळच्या तांड्यावरची रुपा एम.फिल.साठी आली, तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. तिने लोखंडाच्या क्षारापासून विटकरी रंगाचे स्फटिक बनवले होते. त्यात एका ऑक्सिजनभोवती तीन लोखंडं बसलेली, चुलीच्या तीन दगडांसारखी. वर्षभर ती त्याच भुकटीमागे होती. दिवाळीनंतर प्रबंध द्यायचा होता आणि फक्त माझी साक्ष बाकी होती.

दसरा झाला आणि तिने नळी टांगली. मी जे दिसलं ते सांगितलं. तीन लोखंडांची मिळून ओढ जेमतेम एकाएवढी!

तिचे मार्गदर्शक अमृतराव सर धावत आले. बघतात तर काय, चुंबकाला झेंडूची माळ आणि माळेआड लिंबू-मिरची, तीही लोखंडी तारेत ओवलेली. खंडेनवमीला आमच्या फुलसिंग शिपायाने माझी पूजा केली होती.

"अरे, चुंबकाला लोखंड काहून बांधलं?" सर ओरडले.

"हत्यार हाय सर. नजर लागली म्हंजे?" फुलसिंग म्हणाला.

सगळे हसले, तार काढली, चुंबक पुसलं. पुन्हा वीज दिली. ओढ तेवढीच.

आता कुणी हसेना. "काटा गेला," सर म्हणाले, "न्हाई तर तुझी भुकटी खराब. पुन्हा कर बाई."

काटा गेला म्हणे! माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण मला कुठे तोंड आहे? रुपाचा चेहरा उतरला. एक अख्खं वर्ष पुन्हा कुठून आणायचं?

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, एकदा निळी भुकटी टांगून बघू?" कोबाल्टच्या त्या निळ्या भुकटीची ओढ पुस्तकात छापलेली असते. तिच्यावरूनच माझी परीक्षा घेतात.

"टांग. लाईट जायच्या आत."

पुस्तकात होती तेवढीच ओढ मी दाखवली. सरांनी चष्मा पुसला. "काटा बराबर हाय. मग खोटं कोण बोलून राहिलं?"

"कुणीच न्हाई सर," रुपा हळूहळू म्हणाली. "ती तिन्ही लोखंडं एकमेकांवर रुसून बसलीत. आमच्या घरी तिघी जावा एका चुलीवर अशाच बसतात. एक इकडं ओढती, दुसरी तिकडं. माणसं तीन, काम एकीचं."

सर मोठ्याने हसले. "हेच लिही. जावा तेवढ्या गाळ."

ते दिवस आठवले की ऊर भरून येतो. पुढे रुपा परभणीला प्राध्यापक झाली. इथे आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं, माझं चुंबक आतल्या तांब्याच्या तारेसाठी विकलं गेलं आणि मी जिन्याखालच्या खोलीत आलो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखं कुणी धूळ खात असेल. त्याला पुसत जा. आणि त्याने तुमच्या मनाजोगं उत्तर दिलं नाही, तर लगेच भंगारात काढू नका, पुन्हा एकदा विचारा. रुपाने त्या दिवशी मला पुन्हा विचारलं, ते अगदी शेवटच्या क्षणी. विटकरी भुकटीची बाटली तिने सिंकवर नेली होती. नळसुद्धा सोडला होता.