इद्वल केमिस्टच्या दुकानातली पेटी

मी बोलतेय, इद्वल केमिस्टच्या दुकानातली लाकडी पेटी. वेल्सच्या डोंगरातल्या पेनरीद गावात कधी आलात तर दुकानात शिरताच डाव्या हाताला, वजनकाट्याच्या वर मी दिसेन. इद्वल निवृत्त झाला, दुकान दुसऱ्यांनी घेतलं, पाटी बदलली, पण गाव अजून त्याचंच नाव घेतं.

माझं लाकूड चॅपेलमधल्या बाकाचं. चॅपेल बंद पडलं तेव्हा इद्वलने एक बाक उचलून आणला आणि सुताराकडून मला करून घेतलं. पोटाला पितळी कुलूप, कपाळावर बोटभर फट. बाक असताना मी पोटभर प्रवचनं ऐकली, पण कुणाच्या खऱ्या उपयोगाला आले ती पेटी झाल्यावरच.

काम साधं होतं. ज्यांना दर महिन्याला त्याच गोळ्या लागतात, त्यांच्या औषधाच्या पिशवीत एक चिठ्ठी येते. तिच्यावर औषधांची नावं आणि प्रत्येक नावापुढे रिकामा चौकोन. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी चौकोनात खूण करायची आणि चिठ्ठी माझ्या तोंडात टाकायची. काउंटरवरची नेरिस रोज अकरा वाजता मला उघडायची, चिठ्ठ्या डॉक्टरांकडे सहीला पाठवायची, आणि गुरुवारी व्हॅन डोंगरावरच्या घरांत औषधं पोचवून यायची.

आमच्या लोकांना हे फार मानवलं. दुसऱ्याला त्रास द्यायचा म्हटलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. पाय मोडला असला तरी विचारा, 'तसं बरं आहे' म्हणतील. माझ्यापुढे मात्र त्यांना संकोच नव्हता. कुणाला झोप नाही, कुणाला मूळव्याध, सगळं मला ठाऊक, आणि बावीस वर्षांत मी कुणाचं काही बाहेर फुटू दिलं नाही. याचा मला अभिमान होता. का नसावा?

एर्लिसवर माझा विशेष जीव. ती आणि तिचा नवरा एम्रिस डोंगरावर मेंढ्या पाळत. एम्रिसला पूर्वी फिट यायची. गोळ्या लागू पडल्या आणि अकरा वर्षं एकही आली नाही. एक जरी आली तरी वर्षभर गाडी चालवायला बंदी. एर्लिसला गाडी येत नाही, वर बस जात नाही, आणि गाडीवाचून तिथे मेंढ्या राखता येत नाहीत. म्हणजे त्यांचं सगळं घर त्या छोट्या पांढऱ्या गोळ्यांवर उभं होतं. एर्लिसची चिठ्ठी एकदाही चुकली नाही.

मग नव्या मालकांनी क्रेग नावाचा मॅनेजर पाठवला. त्याने ठरवलं, यापुढे औषधं फक्त फोनवरून मागवायची. नेरिसने विचारलं, मग पेटी काढून ठेवू का? क्रेगने मला जरा लांबून न्याहाळलं.

"राहू दे," तो म्हणाला. "छान दिसते. दुकानाला जुनेपणा येतो."

"पण लोक चिठ्ठ्या टाकतील त्यात."

"बोर्ड लावलाय की आपण."

बोर्ड होता खरा, शाम्पूच्या फळीमागे. नेरिसने किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि कामाला लागली. बावीस वर्षं रोज जिचा हात माझ्या पोटात होता, तिने मला असं सोडलं. मला मेणाचं पॉलिश मात्र अगदी न चुकता व्हायचं.

पुढच्या सोमवारी एर्लिस आली, चिठ्ठी टाकली आणि निर्धास्त निघून गेली. मी काय करणार? मला तोंड आहे ते फक्त घेण्याचं.

गुरुवारी व्हॅन तिच्या दारी थांबली नाही. पुढचं मी दुकानातल्या बोलण्यातून ऐकलं. तिला वाटलं, कामाचा ताण असेल, आपल्याहून आजारी कुणीतरी असेल. तिने उरलेल्या गोळ्या मोडून अर्ध्या अर्ध्या केल्या. सोमवारी पुन्हा खाली आली तेव्हा काउंटरपुढे पाच माणसांची रांग होती. रांगेकडे बघत ती थोडा वेळ उभी राहिली. मग पिशवीतून एक कागद काढून त्यावर काही लिहिलं आणि माझ्यात टाकला. नेरिसने तिला पाहिलं. हातसुद्धा हलवला, आणि परत गिऱ्हाइकाकडे वळली.

शनिवारी मेंढ्यांचं फाटक उघडताना एम्रिस कोसळला. डोकं दगडी कुंपणावर आपटलं. सात टाके पडले. जीव वाचला, लायसन्स गेलं, आणि महिन्याभरात मेंढ्याही बाजारात विकल्या गेल्या.

त्यानंतर एर्लिस दुकानात आली. हळूच विचारलं, माझ्या चिठ्ठ्या पोचल्या नव्हत्या का गं? नेरिसने ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि मला उघडलं. ओंजळभर चिठ्ठ्या बाहेर आल्या. एर्लिसचा कागद त्यांत होता. 'एम्रिसच्या गोळ्या राहिल्यात. घाई नाही, जमेल तेव्हा पाठवा.' नेरिसने तो वाचला आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. क्रेग मागेच उभा होता.

"माझंच चुकलं," एर्लिस म्हणाली. "मी तोंडाने विचारायला हवं होतं. तुम्हाला उगाच त्रास झाला."

मी वाट पाहिली. मला वाटलं, आता तरी नेरिस खरं सांगेल.

"हो ना मावशी," नेरिस म्हणाली. "आता फोन करायचा असतो. बोर्ड लावलाय आपण."

एर्लिसने माफी मागितली. नेरिसची मागितली, क्रेगचीही मागितली, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. तिच्या मनात आता मी दगाबाज आहे की तीच बावळट, कुणास ठाऊक. मला दोन्ही सहन होत नाही. ज्यांनी दगा दिला ते दोघं काउंटरमागे उभे होते आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही.

त्या दिवशी क्रेगने माझ्या फटीवर चिकटपट्टी लावली. दोन आठवड्यांत ती सुटून पडली. पुन्हा कुणी लावली नाही, वाईट दिसते म्हणून.

कधी या दुकानात आलात तर माझे फोटो काढू नका. हातोडा आणा आणि माझी फट फळी ठोकून बुजवा. मला दुखणार नाही. पण ठोकण्याआधी कुलूप उघडायला लावा. काल सकाळी दाई नावाच्या एका म्हाताऱ्याने माझ्यात इन्सुलिनची चिठ्ठी टाकलीय, आणि आता तो घरी बसून गुरुवारच्या व्हॅनची वाट बघतोय.