भिंगरीला मारलेली हाक

मावशीचा आवाज म्हणजे लोण्याचा गोळा, असं डबिंग स्टुडिओत सगळे म्हणत. घरी तोच आवाज करवतीसारखा चाले, हे बिचाऱ्यांना कुठून कळणार? मायेचे दोन शब्द बोलायचे तर बाईंना समोर माइक लागे.

त्या दिवशीचा सिनेमा भुताचा होता. चार मैत्रिणी परदेशात फिरायला जातात आणि एका आडबाजूच्या लॉजवर उतरतात. तिथं एकेकीच्या दाराबाहेर तिच्याच माणसाच्या आवाजात कुणीतरी हाक मारतं. दार उघडलं की खेळ खल्लास. शेवटच्या मुलीला हाक येते ती आईची. म्हणजे आई नव्हेच ती, पण आवाज आईचा हवा, म्हणून मावशीला बोलावलं होतं.

भुताखेतांना मावशी भीक घालत नसे. तिला खुपत होतं ते वेगळंच. तिची लेकही मैत्रिणींबरोबर अशीच परदेशात भटकत होती. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून घरात नावच पडलं भिंगरी. निघताना मायलेकींचं कडाक्याचं वाजलं होतं. "जायचंय ना? खुशाल जा, परत तोंड दाखवू नकोस," असं मावशी बोलून गेली होती. तेव्हापासून फोनवर "जेवलीस?" आणि "हो," एवढंच. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माघार घ्यायची वेळ आली की ते कुठून उगवतं कोण जाणे.

"मावशी, फार कडक होतंय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "माया हवी. नाहीतर ती पोरगी दार कशाला उघडेल?"

"भुताची माया! काय एकेक ऐकावं लागतंय!"

शिवाय सिनेमातल्या मुलीचं नाव लांबलचक. दारावरच्या दोन थापांच्या मध्ये ते काही बसेना. वैतागून मावशीनं कागद बाजूला ठेवला आणि डोळे मिटले. तोंडाला आलं ते नाव घेतलं.

"भिंगरे, उघड गं दार. रागाच्या भरात बोलले, बाळा. चुकलं माझं."

रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढून डोळे पुसले. "हेच ठेवू. लाडाचं नाव म्हणून खपून जाईल."

मावशीला एकदम हलकं वाटलं. चहाचा कप घेऊन ती बाहेर पॅसेजमध्ये आली. हेच शब्द आता लेकीला सांगायचे, आजच, असं तिनं ठरवलं. तेवढ्यात लेकीचाच फोन आला.

"आई! तू इथं कशी काय?"

"इथं म्हणजे कुठं?"

"अगं, लॉजवर! दाराबाहेर उभी राहून हाका मारतेस आणि वर फोनही उचलतेस? सगळ्या बाहेर गेल्यात, मला कणकण होती म्हणून पडले होते. थांब, आले."

कप मावशीच्या हातातून सुटला.

"दार उघडू नकोस! ऐकतेस का? कडीला हात लावलास तर याद राख!"

पलीकडे दारावर थाप पडली आणि मावशीला फोनमधून स्वतःचाच आवाज ऐकू आला, मऊ, भरून आलेला. "भिंगरे, उघड गं दार. चुकलं माझं."

आपणही तसंच बोलायला हवं, तरच पोर ऐकेल, हे तिला कळत होतं. पण भीतीपोटी तोंडातून निघाली ती किंकाळीच. "मूर्ख मुली, मी आहे तुझी आई! मी!"

"तुम्ही कोण बोलताय?" भिंगरीनं विचारलं.

ज्या लेकीनं जन्मात कधी आईला अहो-जाहो केलं नव्हतं, ती विचारत होती. मावशी नुसतीच "बाळा, बाळा" करत राहिली, पण तो शब्दही ओरडल्यासारखाच बाहेर पडत होता.

कडी सरकली. दार करकरलं. मग तो मऊ आवाज अगदी फोनजवळ आला.

"कुणाचा फोन गं?"

"कुणाचा नाही, आई," लेक म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.