सगळे ‘आहे’ म्हणेपर्यंत मी सुटत नाही

मी एक जुनी बस आहे. पण मित्रांनो, ‘जुनी’ म्हटल्याबरोबर हळहळू नका. माझं इंजिन अजून पहिल्या किल्लीला सुरू होतं. चढावर नव्या गाड्या धापा टाकत असतात, तेव्हा मी त्यांच्या शेजारून गुमान वर जाते. काचा थोड्या खडखडतात, हे मात्र खरं. या वयात कोण खडखडत नाही?

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी साधी पांढरी होते. माझ्यासारख्याच आणखी काही बहिणी रांगेत उभ्या होत्या. कुणी गिरणीच्या कामगारांना न्यायला गेली, कुणी विमानतळावर लागली. मला नेलं एका फुटबॉल क्लबने, आणि माझं नशीबच उघडलं. क्लबच्या आवारात एक रंगारी आला. तो दिवसभर तोंडातून अक्षर काढत नसे, पण हात असा की बघत राहावं. त्याने मला निळ्या-पिवळ्या रंगात रंगवलं. कपाळावर मोठ्या अक्षरांत संघाचं नाव लिहिलं आणि दोन्ही अंगांवर खेळाडूंची चित्रं काढली. दाराशेजारची मोक्याची जागा मिळाली ती गोल करणाऱ्या पोराला. सगळे त्याला तोफ्या म्हणत. चित्रात त्याचा एक पाय हवेत आहे आणि तो हसतो आहे. रंगाऱ्याने दात जरा जास्तच पांढरे काढले. तोफ्याला मात्र ते फार आवडले होते. येता-जाता तो स्वतःच्या चित्राला डोळा मारायचा!

माझे ड्रायव्हर म्हणजे काका. त्यांना नाव असेलच, पण ते कुणी वापरत नाही. काकांची एक पद्धत होती. सगळे चढले की ते किल्लीला हात लावत, पण फिरवत नसत. समोरच्या आरशात बघून एकेकाला हाक मारत.

“खांब?”

“आहे!” हा आमचा उंच गोलकीपर.

“प्रोफेसर?”

“आहे!” याला चष्मा होता, म्हणून प्रोफेसर.

“तोफ्या?”

“आहे, आहे! सोडा आता, काका!”

ज्याचं त्याने बोलायचं, दुसऱ्याने त्याच्या वतीने ओरडायचं नाही, हा काकांचा कायदा होता. एकदा कप्तान झोपला होता आणि शेजारी बसलेल्याने ‘आहे’ म्हणून दिलं, तर काकांनी कप्तानाला उठवून पुन्हा विचारलं. शेवटचा ‘आहे’ आला की किल्ली फिरायची.

तोफ्या क्लबमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक पिशवी होती आणि राहायला जागा नव्हती. काकांनी त्याला घरी नेलं. “दोन दिवस राहू दे,” असं काकूंना सांगितलं आणि तो तिथे दोन वर्षं राहिला. काका-काकूंना मूल नव्हतं, त्यामुळे तो जणू घरचाच झाला.

मग संघ जिंकायला लागला. अहो, काय ते दिवस! मी रस्त्यावरून निघाले की दुकानदार दुकान सोडून बाहेर यायचे. सामना जिंकला की पुढच्या रविवारी क्लब शाळेतल्या मुलांना माझ्यातून फेरी मारून आणायचा. शाळेच्या पी.टी.च्या बाई सायकलवरून यायच्या, शिट्टी मारून मुलांची ओळ लावायच्या आणि काका त्या मुलांचीही हजेरी घ्यायचे. चिमुरडी पोरं खेळाडूंच्या जागांवर बसून बेंबीच्या देठापासून ‘आहे!’ ओरडायची. खोटं कशाला बोलू, विजेत्याच्या कपापेक्षा मला ती फेरी जास्त प्यारी होती.

क्लबने तोफ्याला एक गाडी दिली. तिच्या मागच्या काचेवर संघाचं नाव होतं आणि बाजूच्या काचा काळ्या होत्या. काकांनी त्याला बजावलं होतं, “हळू चालव रे. रस्ता म्हणजे मैदान नाही.” तो हसून “हो काका” म्हणायचा आणि भुर्रकन निघून जायचा.

दर गुरुवारी संध्याकाळी काका मला क्लबच्या फाटकाबाहेर धुवायचे. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पाइप, आणि गल्लीतल्या प्रत्येकाशी गप्पा. अशाच एका गुरुवारी तोफ्याची गाडी आमच्या अंगावर पाणी उडवत वेगाने आवारात शिरली. तिचा एक दिवा फुटलेला होता. थोड्या वेळाने एक बाई धावत आली आणि ओरडली, “वाचनालयाच्या वळणावर पी.टी.च्या बाईंना उडवलं! गाडी थांबलीसुद्धा नाही. मागे तुमच्या संघाचं नाव होतं!”

काकांच्या हातातला पाइप खाली पडला.

बाई वाचल्या, पण त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबचे सेक्रेटरीसाहेब, काका आणि तोफ्या माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. माझ्याजवळ माणसं मोकळं बोलतात. बसला कान असतात हे त्यांना कुठे ठाऊक?

“गाडी कुणी चालवली ते कुणी पाहिलेलं नाही,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले. “ती गाडी तुम्हीही कधीकधी चालवता, काका. तुम्ही होतात म्हणून सांगा. मोठा सामना पुढच्याच महिन्यात आहे. तोफ्या आत गेला तर संघ संपला. तुमचं आता वय झालंय, तुम्हाला कोण फार बोलणार?”

मला तर असा संताप आला! हॉर्न माझ्या ताब्यात असता तर साहेबांच्या कानठळ्या बसवल्या असत्या. गाडी चालवायचा परवाना गेला तर काकांकडे राहणार काय? आणि माझ्याकडे तरी काय राहणार?

काकांनी तोफ्याकडे पाहिलं. तोफ्या आपल्या बुटांकडे बघत होता.

“पोरगं लहान आहे अजून,” काका म्हणाले. “सांगतो मी.”

पण सेक्रेटरीसाहेब पडले वरच्या मजल्यावर बसणारे. गुरुवारच्या संध्याकाळी ते खाली कधी उतरलेच नव्हते. त्या वेळी काका फाटकाबाहेर मला धूत असतात, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, एक त्यांना सोडून. ‘गाडी काका चालवत होते’ असं क्लबचं निवेदन वर्तमानपत्रात आलं आणि गल्ली पेटून उठली. समोरचा न्हावी माझ्यासमोरच ओरडला, “काका आमच्या डोळ्यांदेखत बस धूत होते! आधी बाईंना उडवता आणि वर म्हाताऱ्याच्या गळ्यात घालता?”

मित्रांनो, अपघात एकाने केला, पण नाव माझ्या कपाळावर सगळ्यांचं होतं. बुटांच्या दुकानदाराने संघाचा फोटो भिंतीवरून उतरवला. खांबाच्या भाचीने संघाचा शर्ट घालून शाळेत जायचं सोडलं. प्रोफेसर बिचारा भाड्याने खोली बघायला गेला, तर घरमालकाने विचारलं, “कुठल्या संघात खेळता? त्या पळणाऱ्यांच्या?” आणि दार लावून घेतलं. प्रोफेसरने आयुष्यात सायकलसुद्धा जोरात चालवली नव्हती! मैदान अर्धं रिकामं राहू लागलं. शाळेने फेरी बंद केली. एका सकाळी मला कळलं की तोफ्याच्या चित्राखाली कुणीतरी खिळ्याने ‘पळपुटे’ असं खरवडलं आहे. खिळ्याने खरवडलं की दुखतं, पण त्याहून जास्त दुखलं ते वाचून. कारण शब्द बरोबर होता.

इन्स्पेक्टर भला माणूस होता. त्याने काकांना बोलावून सांगितलं, “सोमवारी सही करून जबाब द्या. पण नीट विचार करा. खरं निघालं तर बाईंना उडवलं म्हणून परवाना जाईल, खोटं निघालं तर खोटं बोलल्याबद्दल आत जाल.” काका तरीही “मीच होतो” म्हणत राहिले.

शनिवारी काकू त्यांचा जेवणाचा डबा घेऊन आवारात आल्या. काका माझ्या पायरीवर बसले होते.

“भाजीत मीठ जास्त झालं तरी तुमच्या चेहऱ्यावर दिसतं,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही पोलिसांना फसवायला निघालात?”

“अगं, आपलाच पोरगा आहे तो.”

“आपला आहे म्हणूनच बोलतेय. परका असता तर मला काय करायचं होतं? उद्या हा बाहेर राहील, गोल करेल, आणि आपल्या दारावरून जाताना मान खाली घालून जाईल. जन्मभर. असा हवाय का तो तुम्हाला?”

काकांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

त्या दोघांना ठाऊक नव्हतं, पण मला होतं. तोफ्या माझ्या शेवटच्या सीटवर बसलेला होता. हल्ली रस्त्यावर लोक टक लावून बघत, म्हणून तो माझ्यात येऊन लपायचा. त्याने सगळं ऐकलं. कपाळ समोरच्या सीटला टेकवून तो कितीतरी वेळ रडत होता, आणि मला त्याचा रागही येत होता आणि दयाही.

रविवारी मोठा सामना होता. सगळे चढले. काकांनी किल्लीला हात लावला.

“खांब?” “आहे.” “प्रोफेसर?” “आहे.” “कप्तान?” “आहे.”

“तोफ्या?”

उत्तर आलं नाही. काकांनी आरशात पाहिलं. तोफ्या जागेवरच होता.

“तोफ्या?”

कोच घड्याळ बघू लागले. “अहो काका, दिसतोय ना तो! निघा, उशीर होतोय.”

“त्याने बोलायला पाहिजे,” काका म्हणाले. किल्ली काही फिरली नाही.

तोफ्या उठून उभा राहिला. “काका, गाडी मी चालवत होतो,” तो म्हणाला. “बाई पडलेल्या मला आरशात दिसल्या. मी घाबरलो आणि पळालो. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मला ठाण्यात सोडा.”

“सामना झाल्यावर जाऊ,” कोच चाचरत म्हणाले.

“नाही. सामन्यात एखादा गोल झाला तर पुन्हा माझी हिंमत होणार नाही.”

मग कप्तान म्हणाला, “काका, ठाण्यावरून घ्या. आम्हीही येतो.”

कोचने खिडकीतून ओरडून सांगितलं, तसे मागे थांबलेले सेक्रेटरीसाहेब आपल्या गाडीतून उतरून माझ्यामागे धावत सुटले. “अरे, निदान मागच्या रस्त्याने तरी जा!” काकांनी आरशात त्यांना पाहिलं आणि मला थेट मुख्य रस्त्यावर घातलं. त्या दिवसाइतक्या ऐटीत मी कप जिंकल्यावरही चालले नव्हते! संघाचं नाव कपाळावर, दाराशेजारी तोफ्याचं हसरं चित्र, त्याखाली ‘पळपुटे’. अशी मी पोलीस ठाण्याच्या दारात, भर गर्दीत जाऊन उभी राहिले. तोफ्या उतरला. संघ दोन ओळींत खाली उभा राहिला. तो मधून चालत आत गेला. रस्त्यावरच्या लोकांनी ना टाळ्या वाजवल्या ना शिव्या दिल्या. नुसते बघत राहिले.

सामना आम्ही सपाटून हरलो. पण परतताना त्या न्हाव्याने दुकानाच्या दारातून हात हलवला. एकट्यानेच, पण हलवला.

इन्स्पेक्टरने काकांना “या वयात हे शोभतं का?” म्हणून झापलं आणि ताकीद देऊन सोडलं. क्लबने निवेदन मागे घेऊन बाईंची माफी मागितली, आणि सेक्रेटरीसाहेबांना जावं लागलं. कोर्टाने तोफ्याला काही महिन्यांची कैद दिली आणि त्याचा परवाना काढून घेतला. त्या काळातही काका हजेरीत त्याचं नाव घेत. “तोफ्या?” असं म्हणून ते थांबत. मग स्वतःशीच “येईल” म्हणत आणि किल्ली फिरवत. काकांनी स्वतःचा कायदा मोडला तो तेवढाच.

सुटल्यावर तो आधी पी.टी.च्या बाईंच्या घरी गेला. बाईंनी त्याला बसवलं, पण गोड बोलल्या नाहीत. “पाय बरा होतोय,” त्या म्हणाल्या. “पण तू थांबला नव्हतास. ते बरं व्हायला वेळ लागेल मला.” तो “हो” म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आता गुरुवारी काका पाइप धरतात आणि तोफ्या मला घासतो. एकदा रंगारी डबा-ब्रश घेऊन आला. कप्तान म्हणाला, “ते ‘पळपुटे’ तेवढं बुजवून टाका.” तोफ्या पाठीमागून म्हणाला, “नको, राहू दे. मी पळालो होतो.” रंगाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण परत लावलं. तो शब्द अजून माझ्या अंगावर आहे.

पुढे संघ पुन्हा एकदा जिंकला आणि शाळेला निरोप गेला. बाईंचं उत्तर आलं, “मुलं येतील. पण पहिल्या फेरीला मी स्वतः बसणार.” त्या रविवारी बाई काठी टेकत आल्या, शिट्टी मारली, ओळ लागली. माझी एकही सीट रिकामी राहिली नाही. काकांनी सगळ्यांची हजेरी घेतली. पोरांनी माझ्या काचा हादरवल्या! शेवटी काकांनी सवयीने हाक मारली.

“तोफ्या?”

तो खाली दाराशी, स्वतःच्या चित्राशेजारी उभा होता. त्याने बाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस? तुला विचारतायत ना? आवाज दे,” बाई म्हणाल्या.

“आहे.”

“मागच्या सीटपर्यंत ऐकू आलं नाही.”

“आहे!” तो मोठ्याने म्हणाला. बाई थोड्या सरकून बसल्या आणि त्यांनी शेजारी जागा केली. तो चढला, आणि काकांनी किल्ली फिरवली.

मित्रांनो, मला धुतलंत, माझ्या चाकांत हवा भरलीत तर मी अजून पुष्कळ चालेन, त्याची चिंता नाही. पण माझ्या कपाळावर जे नाव आहे ते मला एकटीला सांभाळता येत नाही. उद्या तुम्हीही एखाद्या संघाचा शर्ट घालाल, आणि मैदानाबाहेरही तुमच्या पाठीवर ते नाव असेल. चूक झाली तर पळू नका. पळालातच, तर परत या, आणि तुमचं नाव पुकारलं की तुम्हीच आवाज द्या. तुमच्या वतीने काकांना उभं करू नका. मी इथेच आहे, फाटकाजवळ. तुम्ही ‘आहे’ म्हणाल तोवर थांबते.