बोला म्हणा आणि बटण सोडा

मी वॉकीटॉकी बोलतोय. खरं सांगायचं तर मी स्वतः आजवर कधीच बोललो नाही, एकोणीस वर्षं दुसऱ्यांचीच बडबड वाहिली. आज माझं बटण मीच दाबलंय, तेव्हा मधे तोंड घालू नका. तशीही आमच्यात एका वेळी एकानंच बोलायची रीत आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला आठवतं ते खोकं. त्यात मी आणि माझा जुळा भाऊ शेजारी शेजारी पडून होतो, दोघंही पिवळेधमक. जपानात, एचिगोच्या डोंगरातल्या आमच्या गावात, बर्फ उपसायची फावडी आणि रबरी बूट विकणाऱ्या दुकानातून किसाबुरो ओगिहारांनी आम्हाला उचललं. किसाबुरो तेव्हा स्कीच्या उतारावरची लिफ्ट चालवत, आणि त्यांची बायको फुसाए पायथ्याशी खानावळ चालवायची. मी किसाबुरोंच्या छातीवरच्या खिशात गेलो, भाऊ स्वयंपाकघरात, भाताच्या कुकरशेजारी. त्याच्या वाट्याला ऊब आली आणि माझ्या वाट्याला बर्फ. एका खोक्यातून येऊनही नशीब काही एक नसतं.

आमचा नियम सोपा आहे. बटण दाबा, बोला, संपलं की समोरच्याला 'बोला' म्हणा आणि बटण सोडा. तुम्ही बटण धरून ठेवलंत, तर समोरचा कितीही ओरडला तरी त्याचा शब्द पोहोचत नाही. किसाबुरो हा नियम देवाची आज्ञा असल्यासारखा पाळत. फुसाएबाई त्यातला पहिला अर्धाच पाळत. एकदा बटण दाबलं की मोरीतलं पाणी कसं गोठलं, शेजारणीची सून काय म्हणाली, मुळ्याचं लोणचं यंदा का बिघडलं, सगळं यायचं. 'बोला' यायला कधी कधी लिफ्टची अख्खी फेरी व्हायची. किसाबुरो वर उभे राहून मान हलवत असायचे. पाहणारे म्हणायचे, काय समजूतदार नवरा आहे! समजूतदार कसला, बिचाऱ्याला बोलायला वाटच मिळत नव्हती.

पण या दोघांचा संसार माझ्यातून चालला, हे मी छाती ठोकून सांगतो. घरी समोरासमोर बसले की दोघं मूग गिळून जेवायची. मधे डोंगर आला की बोलायची.

किसाबुरो निवृत्त झाले आणि 'पहिली रेघ मंडळा'त गेले. गावातली आठ म्हातारी माणसं. दर गुरुवारी सकाळी, पर्यटकांच्या आधी, ताज्या बर्फावर पहिली रेघ आपल्या स्कीची ओढायची, आणि मग फुसाएबाईंकडे मुळा घातलेलं डुकराच्या मांसाचं मिसो सूप प्यायचं, एवढंच मंडळाचं काम. अध्यक्ष होते आकुत्सु-सान, म्हणजे आकुत्सुसाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही समोरच्याकडे तो गृहपाठ विसरून आल्यासारखे बघतात.

गेल्या हिवाळ्यात धुक्यात एक भानगड झाली. आकुत्सु-सान वरच्या लिफ्टपाशी आणि पोस्टातून निवृत्त झालेले नुमाजिरि-सान खालच्या लिफ्टपाशी, एकमेकांची वाट बघत तासभर उभे राहिले. आपण आधी निघालो तर बरं दिसणार नाही, असं दोघांनाही वाटलं. दोघांनाही बरं न दिसण्यापेक्षा पडसं परवडलं. त्यानंतर सभा बोलावली गेली. विषय, उतारावर असताना एकमेकांशी बोलायला वॉकीटॉकी घ्यावेत की मोबाइल वापरावेत.

सभा फुसाएबाईंच्या खानावळीतच भरली. तीन तास चालली आणि एक टोपलीभर संत्री संपली. आमच्याकडे सभेत कुणी 'नाही' म्हणत नाही. 'जरा अवघड दिसतंय' म्हणतात, समजणारा समजतो.

"वॉकीटॉकीबद्दल प्रश्नच नाही," आकुत्सु-सान म्हणाले. "फक्त त्याचा आवाज इतरांनाही ऐकू जातो. तारेवरच्या गोंडोलाच्या पाळण्यात शेजारी बसलेल्यांना उगीच त्रास."

"हो ना," नुमाजिरि-सान म्हणाले. "मागं आम्ही चार परक्या माणसांसोबत बसलो होतो आणि किसाबुरो-सानच्या खिशातून वहिनींचा आवाज आला. लोकरीची चड्डी घातली का म्हणून."

"मग? घातली नव्हतीच!" फुसाएबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, आणि हात पुसत बाहेर आल्या. "मी सांगू का? मोबाइलला हातमोजा काढावा लागतो. थंडीत तो निम्म्यातच मान टाकतो. हे डबडं एकोणीस वर्षं बोलतंय."

सगळे चहाकडे बघू लागले.

"वहिनींचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे," आकुत्सु-सान म्हणाले. म्हणजे संपलं. सात हात मोबाइलच्या बाजूनं वर गेले. किसाबुरोंकडे कुणीही बघितलं नाही, आणि ते न बघणं त्यांना बरोबर लागलं. आदल्याच रात्री माझा एरियल चिकटपट्टीनं नीट बांधणाऱ्या त्या माणसानं आठवा हात वर केला.

फुसाएबाईंनी ते पाहिलं. हातातला ट्रे खाली ठेवला आणि आत गेल्या. त्या दिवसापासून अकरा दिवस भावाचं बटण कुणी दाबलं नाही. घरात 'भात वाढू का' आणि 'मीठ द्या' एवढंच चाललं होतं.

मला वाईट वाटलं, लपवत नाही. माझ्या खिशात तो गुळगुळीत मोबाइल येऊन बसला. पण किसाबुरोंनी मला खणात टाकलं नाही. रोज सकाळी नवे सेल घालून, चालू करून, स्वेटरच्या आत ठेवायला लागले, कुणाला न सांगता. माणूस चूक कबूल करत नाही, पण आतल्या खिशात ठेवतो.

मंडळानं आणखी एक नियम केला. गोंडोलात पाय ठेवताच सगळ्यांनी मोबाइलचा आवाज बंद करायचा. इतरांना त्रास नको!

अकराव्या दिवशी गुरुवार होता. बर्फ मुकाट पडत होता. सातजण गोंडोलानं वर गेले. किसाबुरो म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी जुन्या लिफ्टनं येतो," आणि त्या लिफ्टच्या वरच्या टोकापासून भूर्जांच्या झाडीतून एकटेच खाली निघाले. बर्फाखाली दडलेल्या फांदीत स्कीचं टोक अडकलं. डावा पाय पिरगळला, आणि ते एका झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळीत छातीपर्यंत रुतले. वरून पडणारा बर्फ त्यांची रेघ हळूहळू पुसत होता. थोड्या वेळानं तिथून कुणी गेलं असतं, तरी काही दिसलं नसतं.

त्यांनी दातांनी हातमोजा काढला आणि मोबाइल बाहेर ओढला. मला वाटलं, आता लिहितील, पडलोय, इथे आहे. पण किसाबुरोंवर संस्कार झालेत. त्यांनी मंडळाच्या गटावर पहिला संदेश पाठवला, 'आपल्या आनंदात व्यत्यय आणतो आहे, कृपया क्षमा असावी.' मग मुद्द्याचा दुसरा संदेश लिहायला घेतला. बोटं गारठली होती, काचेवर बर्फ वितळत होता. 'फार काही नाही, परंतु' एवढं झालं आणि मोबाइल काळा पडला. सकाळी तो निम्म्याहून जास्त भरलेला होता.

वर डोंगरमाथ्यावर सातजणांनी पाळण्यातून उतरल्यावर आपापले मोबाइल पाहिले. किसाबुरो-सान लवकर घरी गेले वाटतं, एवढंच त्यांना कळलं. सातही जणांनी उत्तर धाडलं, 'छे छे, क्षमा तर आम्हीच मागायला हवी.' नुमाजिरि-सानांनी वाकून नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं चित्रही पाठवलं. ते सगळं त्या काळ्या मोबाइलच्या दारात येऊन उभं राहिलं असेल.

मग किसाबुरोंनी स्वेटरात हात घातला. मी त्यांच्या अंगाच्या उबेनं गरम होतो.

"फुसाए," ते म्हणाले. "कामाच्या वेळी त्रास देतोय, तरी..."

आणि दम लागून बटण सुटलं. 'बोला' म्हणायलाही सुचलं नाही.

तिकडून लगेच आवाज आला. "आली का आठवण! अकरा दिवस मी या डबड्याकडे बघत बसलेय. सगळ्यांसमोर हात वर करताना नाही वाटलं, की ही बाई एकोणीस वर्षं..." सुटल्याच. मिसो सूप, ट्रे, माहेर, माझा एरियल, सगळं निघालं. किसाबुरो माझं बटण दाबत होते आणि मी काहीच करू शकत नव्हतो. बर्फ त्यांच्या खांद्यापर्यंत आला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या रीतीचा राग आला. बाई, सोडा हो ते बटण!

"...आणि आता का गप्प? बोला!"

खट्.

"त्या दिवशी मी हात वर करायला नको होता," किसाबुरो म्हणाले. मग एक श्वास घेऊन, "जुन्या लिफ्टच्या तिसऱ्या खांबाखाली, भूर्जांच्या झाडीत. पाय मोडलाय. रुतलोय. बोला."



"तिथंच थांबा!" फुसाएबाई म्हणाल्या. जणू ते फिरायला निघाले होते. मग भावाकडून कळलं, की त्या एप्रन आणि घरातल्या सपातांवरच बर्फातून बचाव पथकाच्या चौकीत धावल्या, आणि सबंध वाटेत बटण दाबून "झोपायचं नाही हं!" म्हणायच्या आणि लगेच सोडायच्या. प्रत्येक वेळी सोडायच्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा सभा भरली. किसाबुरो प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून बसले होते, मी खिशात. आकुत्सु-सानांनी ठराव मांडला, "झाल्या प्रकारातून आपण शिकलं पाहिजे. यापुढे दोन्ही यंत्रं ठेवावीत. मात्र इतरांना त्रास नको, म्हणून गोंडोलात वॉकीटॉकीचाही आवाज बंद ठेवावा." सात हात वर गेले. आठवा गेला नाही.

"किसाबुरो-सान, जरा अवघड वाटतंय का?"

"नाही," किसाबुरो म्हणाले. "अवघड नाही. चूक आहे. मी याच्या बाजूनं नाही."

संत्रं सोलणारा हात थांबला. नुमाजिरि-सानांनी रिकामा कप तोंडाला लावला. स्वयंपाकघर दहा पावलांवर, फुसाएबाईंना सगळं ऐकू गेलं होतं. तरी त्यांनी भावाचं बटण दाबलं. माझा आवाज पूर्ण मोठा होता.

"अहो, लोकरीची चड्डी घातली का? बोला."

खट्. लगेच सोडलं.

किसाबुरोंनी मला खिशातून काढलं आणि सातही जणांच्या देखत तोंडाशी धरलं.

"घातलीय," ते म्हणाले. "बोला."

माझं संपलं. तुमच्याकडे मोबाइल असो की माझ्यासारखं डबडं, मला त्याचं काही नाही. क्षमा नंतर मागा, आधी कुठं आहात ते सांगा. आणि समोरच्यालाही बोलू द्या. मी बटण सोडतोय. बोला.