मागे फट नसलेला पेटा

"डोकं हलवू नको," मी म्हटलं.

"मी कुठं हलवतेय? तुमचा दोरा सरकतोय," सोयराबाई म्हणाली.

खरंच सरकत होता. चाळीस वर्षं मी म्हैसुरी पेटे बांधतोय. मंत्री, नट, कुलगुरू, कोण कोण माझा पेटा घालून स्टेजवर बसलं, पण माप मी कुणाचंच घेतलं नाही. सत्काराच्या पेट्याला माप नसतंच मुळी. मागे चार बोटं फट ठेवायची, आतून रबर लावायचा, की तो कुणाच्याही डोक्यावर बसतो. कार्यक्रम संपला की पेटे परत येतात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांच्या डोक्यावर चढतात. आमच्या बेंगळुरात शाल, हार, फळांची करंडी आणि पेटा, एवढं झाल्याशिवाय सत्कार झाला असं कुणी म्हणत नाही.

बायकोचा पेटा मात्र मी मापाचा करणार होतो. दोरा तिच्या कपाळावरून अंबाड्याच्या खालून फिरवला आणि गाठ मारली.

पर्यावरणाचा पुरस्कार मिळाला होता तिला. आमच्या येलहंक्याच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होंग्याची एकसष्ट झाडं आहेत. होंगे म्हणजे करंज. रोपं लावणारे फोटो काढून निघून गेले, पाणी घातलं ते हिनं. चौकातल्या हॉटेलातलं तांदळाचं धुवण दोन डब्यांत भरायचं, हातगाड्यावर चढवायचं आणि झाडागणिक तांब्या ओतत जायचं. एकोणीस वर्षं!

आणि मी काय केलं? मला लाज वाटायची. सरळच सांगतो, आता लपवून काय करू? हॉटेलातून तळ्याकडे जायची जवळची वाट माझ्या दुकानासमोरून जाते. गिऱ्हाईक बसलेलं असायचं, आणि मालोजी पेटेवाल्याची बायको खरकट्या पाण्याचा गाडा ओढत चाललेली. एक दिवस मी तिला म्हटलं, "दुकानासमोरून येत जाऊ नको. मागच्या गल्लीनं जा." तिनं का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या गल्लीनं जायला लागली. तिकडून दुप्पट लांब पडतं, वर चढ आहे.

पुरस्काराचा अर्ज आमच्या लेकीनं, हर्षितानं भरला, आम्हाला न विचारता. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा सोयराचं पहिलं किमो व्हायचं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, हिच्या डोक्यावर पेटा माझ्या हातानं ठेवायचा, भरल्या सभागृहात. तोंडानं माफी मागणं मला कधी जमलं नाही. निदान हातानं तरी मागावी.

तारीख मार्चातली होती. आठ दिवस आधी नागराजचा फोन आला. तो इथल्या आमच्याच मराठी समाजातला, कार्यक्रमांची कंत्राटं घेतो. त्या कार्यक्रमाचे बाराही पेटे माझ्याकडूनच जायचे होते.

"अण्णा, प्रमुख पाहुणे परदेशी निघालेत. तारीख पुढं गेली. स्वल्प अडजस्ट करा."

"पेटे अडजस्ट होतील रे, माणसाचं काय करू?" मी ओरडलो.

बिचाऱ्यानं नुसता निरोप दिला होता. त्याचा काय दोष होता?

पुन्हा तारीख मिळाली ती पाच जूनची. तोवर सोयराचे केस गेले होते. बांधून ठेवलेला पेटा सैल झाला असता, म्हणून मी तो सगळा उसवला, पुन्हा माप घेतलं. त्याच दोऱ्यावर दुसरी गाठ, पहिलीच्या चांगली दोन बोटं आत. सहा दिवस बसून पेटा बांधला, जरीची किनार लावली. मग कळलं, सभागृह दुसऱ्या कुणाला तरी दिलंय. तारीख पुन्हा पुढं.

त्या संध्याकाळी ती खाटेवर बसून म्हणाली, "आणा की तो पेटा. घालून बघते एकदा."

"आत्ता नाही. मानाच्या आधी पेटा डोक्यावर चढवायचा नसतो. आमच्या बाबांचा नियम आहे."

"बाबांना कोण सांगायला जातंय?"

"घरात नाही, सोयरा. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांचं काय घेऊन बसलात? तुम्ही बघितलं की झालं." मग म्हणाली, "झाडांना पाणी कोण घालतंय?"

"हर्षिता. कामावर जायच्या आधी."

"सरी, बरं झालं. खालच्या बाजूच्या तीन झाडांना जास्त लागतं, सांगा तिला."

मी मान हलवली. पेटा दोन हातांवर, कपाटात होता. उठून आणायला किती वेळ लागला असता?

पुढं आणखी एकदा माप घेतलं, ती झोपेत असताना. तिसरी गाठ. पेटा पुन्हा उसवला, पुन्हा बांधला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठ वाजता ती गेली. हर्षिता गाडा घेऊन झाडांकडे गेली होती.

कार्यक्रम ऑगस्टात झाला, मल्लेश्वरममध्ये. प्रमुख पाहुणे वेळेवर आले. अकरा जण पेटे घालून रांगेत बसले होते, त्यांत दोन कारखानदार होते, एक शाळा चालवणाऱ्या बाई होत्या. सगळे पेटे माझे. सोयराबाईंच्या वतीनं त्यांचे पती, असं म्हणून मला पुढं बोलावलं. नागराज माझ्यासाठी फट असलेला जादा पेटा घेऊन उभा होता. मी मानेनंच नको म्हटलं आणि घरून आणलेला सोयराच्या पेट्याचा डबा उघडला.

पाहुण्यांनी तो पेटा घेऊन माझ्या डोक्यावर ठेवला. पातेल्यावर वाटी ठेवावी तसा तो वर राहिला. मागं कुणीतरी हसलं.

"अण्णा, स्वल्प खाली ओढा," फोटोवाला म्हणाला.

"येणार नाही," मी म्हटलं. पेटा काढून छातीशी धरला. फोटो तसाच आहे, हवा तर दाखवतो.

कार्यक्रम संपल्यावर नागराज नेहमीसारखा टोपली घेऊन पेटे गोळा करत आला. अकरा मोजले आणि माझ्या हातातला घेतला. सवयीनं उलटा करून त्यानं मागच्या बाजूला रबर चाचपला.

"अण्णा, फट ठेवलीच नाही? हा बसणार कुणाला?"

"आता कुणालाच नाही," मी म्हटलं.

तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. त्यानं तो दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला.

येलहंक्याला पोचेपर्यंत चार वाजले. डबा कपाटात ठेवला, चांगला सदरा उतरवला आणि हॉटेलात जाऊन धुवण भरून घेतलं. गाडा भलताच जड लागला. शेजारचे दुकानदार उठून बघायला लागले. गाडा मी दुकानासमोरून नेला.