दीनाबाईंची पेन्सिल आणि तीन-शून्य-चार

मित्रांनो, मी एक जुनं पंचकार्ड आहे. पिवळट, एक कोपरा छाटलेलं, अंगभर भोकं असलेलं; ती भोकं म्हणजे कॉम्प्युटरने वाचायचे आकडे. भोकं पडल्यावर किंमत वाढते अशा वस्तू जगात थोड्या. मी त्यांतलं एक.

१९७२ साली माझा जन्म पुण्यात झाला, पण चाकरी नगरच्या नागापुरातली. तिथल्या एका कारखान्यात साखर कारखान्यांसाठी नरसाळ्यासारख्या टाक्या बनत. टाकीचे पाय जोडायला तिरक्या पत्र्याची बाहेरची दिशा लागे; ती काढायला ड्रॉइंग ऑफिसातल्या दीनाबाईंनी प्रोग्राम लिहिला. पत्र्याच्या दोन कडांचे आकडे आडवेतिडवे गुणून वजा करायचे, की पत्र्याशी काटकोन करणारी दिशा मिळते. हा सदिश गुणाकार. तीन चोक आणि चार त्रिक सारखेच, पण इथे कडांचा क्रम बदलला की दिशा पार उलटी.

तिरक्या कडेचे आकडे माझ्या अंगावर होते: तीन, शून्य, चार. आडव्या कडेचं कार्ड शून्य, चार, शून्य. बाईंनी मला पहिलं ठेवलं होतं. मी ताठ होतो, हे कबूल करतो.

दर गुरुवारी आम्हा कार्डांचा डबा एसटीने पुण्याला जाई, कारण कॉम्प्युटर तिथे. या टाकीचं उत्तर चुकलं तर फेऱ्या बंद आणि बाईंनी पुन्हा नकाशांचं ट्रेसिंग करायचं, असं मालकांनी बजावलं होतं.

उत्तर आलं: उणे सोळा, शून्य, बारा. फोरमन मच्छिंद्रराव यांनी त्याबरहुकूम पत्र्यावर खडूने टाकीच्या पायांच्या जागा आखल्या आणि मान वाकडी करून बघत राहिले.

"बाई, टाकीनं पाय पोटात घेतले की."

सगळ्यांनी मलाच उजेडात धरून भोकं तपासली. एकही चुकीचं नव्हतं. मला ठाऊकच होतं.

मग बाई मच्छिंद्ररावांना क्रम कसा ठरवला ते समजावू लागल्या. उजव्या हाताची बोटं पहिल्या कडेकडून दुसरीकडे वळवायची. अंगठा दाखवेल ती बाहेरची बाजू. असं म्हणत त्यांनी हात वर केला. मच्छिंद्रराव बराच वेळ त्या हाताकडे बघत होते.

"बाई, पेन्सिल खाली ठिवा."

उजव्या हातात पेन्सिल होती. वर आला होता तो डावा.

बाईंनी पेन्सिल ठेवली, उजवा हात वळवला. अंगठा उलटा गेला. त्यांनी मला उचलून आडव्या कडेच्या कार्डामागे ठेवलं, एवढंच. माझा पहिला नंबर गेला. पुढच्या गुरुवारी उत्तर आलं: सोळा, शून्य, उणे बारा. पाय बाहेर आले, टाकी उभी राहिली, फेऱ्या चालू राहिल्या. दुसऱ्या नंबरावरून टाकी उभी करणारं कार्ड म्हणून मी आजही मान ताठ ठेवतो.

तेव्हापासून डबा भरायच्या वेळी मच्छिंद्रराव बाईंच्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच्या कानावर ठेवत.

आता मी सावेडीला, बाईंच्या भूमितीच्या पुस्तकात खूण म्हणून राहतो. मित्रांनो, माझ्यासारखं कार्ड सापडलं तर दुमडू नका, त्याचा क्रम मोडू नका. आणि उत्तर उलटं आलं, तर भोकं मोजण्याआधी हातातली पेन्सिल खाली ठेवा.